मेपलच्या मुळाशी मीठ

दादा, तुझं झाड शिंद्यांनी मारलं नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात यावी, असं मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातून ते वाक्य शोधून वर आणत आलो. हे एक वाक्य मात्र चार वर्षं माझ्याकडे पडून होतं आणि मी ते तुला सांगितलं नाही. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. परवा तुझं उत्तरकार्य आहे. त्याआधी हे सांगून टाकतो.

घोडबंदर रोडवर तुझे चार फलक लागले आहेत. त्यांवर तू गॉगल घालून हसतोस. खाली पुतण्यांची नावं आहेत, त्यांच्या खाली आणखी बारीक अक्षरांत त्यांच्या मित्रांची. तुझी जमीन किती होती, तिच्यावर किती टॉवर उभे राहिले, तू कुणाकुणाला नोकरीला लावलंस, हे सगळं तिथं आहे. मी फक्त झाडाबद्दल लिहितो. झाडाबद्दल लिहायचं म्हणजे मारहाणीबद्दलही लिहावं लागेल, कारण तुझ्याकडे या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्या.

डोंबिवली सोडून मी तुझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा तू दारात उभा राहून माझं सामान मोजत होतास. पुस्तकांची सतरा खोकी पाहून विचारलंस, "पेपरवाला हास ना?"

"हो, शेठ."

"शेट कुनाला बोलतंस? शेट तो बिल्डर. माला दादा बोल. आन अहो-जाहो नको. आमच्यान बापाला पन अरे बोलतान."

तेव्हापासून तू माझा दादा आणि मी तुझा पेपरवाला. माझं नाव तुला माहीत होतं. तू ते एकदाच घेतलंस, पोलिसांसमोर.

झाड तू कालिंपाँगहून आणलंस. पुतण्यांनी तुला आणि सुगंधावहिनींना टूरवर पाठवलं होतं. दिवाळीनंतरचे दिवस होते. बाकीची माणसं डोंगराकडे पाठ करून फोटो काढत होती आणि तू एका रोपवाटिकेत, कमरेएवढ्या जपानी मेपलसमोर, उकिडवा बसला होतास. लहान मुलाच्या पंजासारखी पानं, सात बोटांची, आणि सगळी लाल. वहिनी सांगतात, बस निघायची वेळ झाली तरी तू उठत नव्हतास. परतीच्या प्रवासात ते रोप ओल्या गोणपाटात गुंडाळून तू मांडीवर धरलंस. घरी पोहोचेपर्यंत त्याची निम्मी पानं गळली होती.

मी कारण विचारलं, तेव्हा तू तुझे पाय दाखवलेस. टाचांना अजूनही भेगांचे व्रण होते. विसाव्या वर्षापर्यंत तू बापाबरोबर मिठागरात उतरत होतास. पायाला एकदा चीर पडली की मीठ तिला मिटू देत नाही. संध्याकाळी आई तेल गरम करून त्या चिरांत ओतायची आणि तू ओरडू नयेस म्हणून बाप तुझ्या तोंडावर हात दाबून धरायचा. हे तू हसत सांगितलंस.

"आमच्या आगरान रंग दोनच. मीठ पांढरा न् चिखल काला. पान लाल होतं ह्या माला साठ वर्सांनी समाजला."

आगर म्हणजे मिठागर, आणि झाडाला तू झार म्हणायचास. तुझ्या बोलीतला हा शब्द मला इतका सवयीचा झाला की कधीकधी माझ्याही तोंडात येतो. ऑफिसात लोक हसतात.

मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मेपल इथं लाल होणार नाही. त्याला थंडी लागते. ठाण्यात थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करण्याएवढी. मी म्हटलं, "तामण लाव. पानं गळायच्या आधी तामणही तांबडी होते. इथली आहे, जगेल."

"तामन रस्त्यावं हाय. तिच्या पानावं धूल. कोन बघतं?"

"तू बघ."

"तू जा, तुज्या डोंबिवलीन लाव."

हा वाद तीन वर्षं चालला. तो कधी संपला नाही, आणि आता मी एकटाच तो माझ्या बाजूने जिंकून बसलो आहे. यात काही मजा नाही.

थंडी नसेल तर ती आणायची, हा तुझा मार्ग. दिवसा कुंडी चौदाव्या मजल्यावर जिन्यालगतच्या मोकळ्या जागेत उन्हाला असायची. संध्याकाळ झाली की ती तुझ्या बेडरूममध्ये, सोळा अंशावर लावलेल्या एसीखाली. वहिनी हॉलमध्ये चटईवर झोपू लागल्या, कारण गुडघ्यांना तो गारठा सोसेना. "नवऱ्यानं सवत आनली," त्या मला म्हणाल्या, "न् तिला एसी." तू आतून ओरडलास, "सवत काय बोलतंस? सवत रांधून तरी घालते." आपण तिघंही हसलो. तुझ्या घरात असं हसणं अधूनमधून व्हायचं. म्हणून मी तिथं येत राहिलो.

पण झाडाला हात लावताना तू वेगळा माणूस व्हायचास. श्रावणात एका सकाळी तू त्याची सगळी पानं ओरबाडलीस. पान देठाशी चिमटीत धरायचं आणि खाली ओढायचं. सालही थोडी सोलून यायची. एक पान राहिलं नाही. मग कुंडी उलटी करून मुळं मोकळी केलीस आणि कोयत्याने तिसरा हिस्सा छाटलास. फांद्यांना तांब्याची तार इतकी घट्ट गुंडाळलीस की दोन महिन्यांनी ती सालीत रुतली. तू ती उपटून काढलीस तेव्हा फांदीवर वळणावळणाची जखम होती.

"दुखत असेल रे त्याला," मी म्हटलं होतं.

"दुखलाच पायजे. झाराला धाक पायजे. थंडी म्हंजे काय, पेपरवाल्या? धाकच ना? धाकानंच पान लाल होतं."

वहिनी तेव्हा दारात पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. त्या बादली तिथंच ठेवून आत गेल्या. त्यांच्या डाव्या दंडावर चार बोटांचा काळानिळा ठसा होता. मी तो पाहिला. विचारलं नाही. त्या वर्षी घरगुती मारहाणीवर माझी तीन भागांची मालिका छापून आली होती.

तरीही एक गोष्ट लिहायला हवी, कारण तीही खरी आहे. खाडीलगतच्या भरावाची बातमी मी दिली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तीन माणसं माझ्या दारात आली. त्यांतल्या एकाने माझी कॉलर धरली होती. समोरचं दार उघडून तू बाहेर आलास. बनियन, लुंगी, एका हातात कोयता, दुसऱ्या हातात शहाळं.

"काय रे पोरांनो, पानी पिनार?"

तू तळहातावर शहाळं धरून एका घावात त्याचं डोकं उडवलंस. पाणी त्या माणसाच्या बुटांवर सांडलं.

"पेपरवाला माझा हाय," तू म्हणालास. "त्याला काय इचाराचा तं आदी माला इचारा. दुसरा फोरू?"

ते गेले. नंतर तू माझ्या सोफ्यावर बसून ते शहाळं संपवलंस आणि खोबरं खरवडून मला दिलंस. चमचाही तूच धरलास. त्या दिवसापासून तुझ्याविरुद्ध जाणारी कोणतीही गोष्ट मी स्वतःशी हळू आवाजात बोलू लागलो.

तिसऱ्या वर्षी, मार्गशीर्षात, झाड लाल झालं.

तू सकाळी माझं दार लाथेने वाजवलंस. "आला! रंग आला रे!" मी बाहेर आलो. पानांच्या कडा खरंच तांबड्या झाल्या होत्या. मधला भाग हिरवा, बोटांची टोकं गडद, जवळजवळ किरमिजी. तू पेढे मागवलेस आणि सगळ्या विंगला बोलावलंस. लोक लिफ्टने वर येत होते, झाड बघत होते, पेढा घेऊन खाली जात होते. तू प्रत्येकाला तेच सांगत होतास, "ठान्यान! कालिंपाँग नाय, ठान्यान!" मला मात्र सांगितलंस, "तुज्या तामनला सांग."

तेराव्या मजल्यावरचे शिंदेही आले होते. तुझ्या कुंडीची जागा त्यांच्या बाल्कनीच्या बरोबर वर. सातारकडचे, कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेले, सोसायटीच्या भजनात ढोलकी वाजवणारे. त्यांनी वाकून पान पाहिलं, बोट लावलं नाही, आणि म्हणाले, "लई देखणं झालंय, दादा. फकस्त पाणी जरा बेतानं घाला. आमच्या गाद्या भिजत्यात."

सगळे हसले. तू हसला नाहीस.

अकराव्या दिवशी पानांची टोकं वाजायला लागली. बोटांत धरलं की चुरा व्हायचा. चौदाव्या दिवशी झाडावर सहा पानं होती. फांद्या शेंड्यापासून काळ्या पडत खाली येत होत्या. तू बर्फ लावलास, एसी दिवसाही चालू ठेवलास, कुंडीजवळ जेवलास. मग तू रडलास. मी तुला तेवढंच एकदा रडताना पाहिलं. आणि त्यानंतर काही वेळातच तुझ्या कानावर आलं की शिंदे परवा अ‍ॅसिडची बाटली घेऊन लिफ्टमधून वर गेले.

पुढचं मी जसं घडलं तसं लिहितो. हे मी पूर्वी कुठंही असं लिहिलेलं नाही.

सकाळचे सव्वादहा झाले होते. तू जिन्याने उतरलास, मी तुझ्या मागे. शिंद्यांनी आतलं दार उघडलं. बाहेरचं लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर त्यांनी अर्धं उघडून धरलं. त्यांच्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता.

"झारान काय टाकलास?"

"काय बोलताय, दादा?"

"अ‍ॅसिड कशाला आनलास?"

"संडास धुवायला. आनि कशाला आनत्यात?"

तू त्यांचं उजवं मनगट पकडून हात बाहेर ओढलास आणि पायाने सेफ्टी डोअर त्या हातावर मारलंस. पहिल्यांदा लोखंडाचा आवाज झाला. दुसऱ्यांदा वेगळा. कप आत फुटला. शिंदेबाई ओरडत होत्या, "सोडा हो, हात हाय तो, हात हाय!" तू तिसऱ्यांदा पाय उचललास तेव्हा मी तुला मागून धरलं. तोवर मी पाच पायऱ्या वर उभा होतो. पहिला आवाज झाला तेव्हा मी उतरू शकलो असतो. दोन आवाजांच्या मध्ये शिंद्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं होतं.

त्यांचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत प्लेट घातली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आजही पूर्ण मिटत नाही.

पोलिसांनी मला विचारलं, काय पाहिलंत? तू शेजारी बसला होतास. "सांग ना त्यांना," असं म्हणून तू माझं नाव घेतलंस. तेवढं पुरे झालं. मी सांगितलं, "शाब्दिक चकमक होऊन झटापट झाली." हा वाक्प्रचार मी शेकडो वेळा छापला आहे. झटापटीला दोन माणसं लागतात. शिंद्यांनी त्या सकाळी कप धरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आठ दिवस तुझे पुतणे गेटजवळ गाडी लावून बसत होते. नवव्या दिवशी शिंद्यांनी आपसात मिटल्याचं लिहून दिलं.

तारखा जुळवून पाहिल्या तर मारहाणीनंतरच्या चौथ्या दिवशी मला खरं कळलं. तू मेलेलं झाड उपटून कुंडी कचऱ्याजवळ ठेवली होतीस. झाकलेल्या गोष्टी उघडून पाहणं हा माझा धंदा. मी माती उकरली. कुंडीच्या आतल्या कडेला पांढरा थर होता. अ‍ॅसिडने असा थर येत नाही असं मला वाटलं. खात्री नव्हती. मी बोट लावून चाखलं.

वहिनी माझ्या मागे उभ्या होत्या.

"मीच घातला," त्या म्हणाल्या. "मीठ. मूठ मूठ. माडाच्या आल्यान घालतंव तसा. माजे सासऱ्यानं शिकवलेला, झार रोडावला का मीठ घालाचा. आमचे माड कसं होते, तू बघितलं नाय."

"कधीपासून?"

"गनपतीपासून. रात नाय दिस नाय तो त्या झारापाशी बसाचा. बोलली, याचा झार एकदा लाल होवं दे, मंग घर शांत होल."

मी समजून घेतलं ते असं. किनाऱ्यावरच्या माणसांचं झाड म्हणजे माड. माडाला मीठ मानवतं. म्हणून तुमच्या घरात तीन पिढ्या प्रत्येक खंगलेल्या झाडाला मीठ गेलं, आणि बहुतेक झाडं मुळातच चिवट असल्यामुळे जगली. मेपलला मीठ म्हणजे विष. ते मुळांतून वर चढतं, पानाच्या टोकांशी साचतं आणि पान मरण्याआधी लाल करतं. दादा, तू पेढे वाटलेस तो रंग त्याचा होता. थंडीचा नव्हता, धाकाचाही नव्हता. बर्फ, एसी, तारा, कोयता यांतल्या कशानेही जे झालं नाही, ते सुगंधावहिनींच्या मुठीने झालं. तुझं झाड कुणी रागाने मारलेलं नाही.

"त्याला बोलू नको," वहिनी म्हणाल्या. "शिंद्याचा हात बघितलास ना? माजं दोन्ही हात दारान घालील."

मी शब्द दिला. त्या वेळी तो बरोबर वाटला. एका माणसाचा हात मोडून झाला होता, दुसऱ्या माणसाचे मोडायचे नव्हते. पण दिवस गेले आणि माझ्या लक्षात आलं की त्या शब्दाची किंमत रोज तेराव्या मजल्यावर मोजली जात होती. शिंदे सोसायटीत 'झाड मारणारे' झाले. पोरं खालून ओरडायची, "शिंदे अंकल, आमची तुळस वाळली!" गणपतीत ढोलकी दुसऱ्याकडे गेली, कारण त्यांची थाप बसेना. ते प्रेक्षकांत येऊन बसले तर कुणीतरी म्हणालं, "काका, दुर्वांपासून लांब बसा हं." सगळे हसले. मीही हसलो. शिंदे उठून गेले नाहीत. आरती होईपर्यंत बसून राहिले. तेव्हापासून मी त्यांच्या वेळेला लिफ्ट घेत नाही.

तुला सांगण्याची एक संधी आली होती. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, तू माझ्याकडे आंबे घेऊन आलास. बराच वेळ पेटीतलं गवत चाचपत बसलास. मग म्हणालास, "लिफ्टमदी भेटला तो."

"कोण?"

"शिंद्या. बोललो, हात कसा हाय. बोलला, हाय." तू एक आंबा उचलून परत ठेवलास. "जल्ला, जरा जोरात झाला रे. टाकला आसंल त्यानं, पन जरा जोरात झाला."

मी म्हणायला हवं होतं, त्याने टाकलं नव्हतं. तीन शब्द. वहिनी आत तुझ्या घरात होत्या आणि तुझा आवाज त्या दिवशी खाली आलेला होता. मी म्हटलं, "आंबे देवगडचे का?" तू म्हणालास, "हो." मग आपण पाण्याच्या टँकरबद्दल बोललो. तू गेल्यानंतर मला वाटलं, हे बोलणं पुन्हा निघेल. ते निघालं नाही. तू ऐकलं असतंस की दार तोडलं असतंस, हे मला आता कधीच कळणार नाही. त्या मे महिन्यातला तू कदाचित ऐकणारा होतास. मी तुला ती संधीही दिली नाही. तुझ्याबाबतीत माझा सर्वांत मोठा अपराध हाच आहे.

तू बाथरूममध्ये पडलास त्या सकाळी पुतणे गावात होते आणि ॲम्ब्युलन्स घोडबंदरच्या कोंडीत. तुला आडवं लिफ्टमधून नेता येईना. वहिनींनी पलंगावरची चादर ओढून दिली. मी आणि विंगमधल्या दोघांनी तुला तिच्यावर घेतलं, चौथं टोक धरायला कुणी नव्हतं. आवाज ऐकून शिंदे वर आले. बोटांत पकड नाही म्हणून चादरीचं टोक त्यांनी उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलं आणि खाली पाहत म्हणाले, "चला. डाव्या अंगानं उतरा." चौदा मजले. तू शुद्धीवर नव्हतास असं डॉक्टर म्हणाले. सातव्या मजल्यावर तुझा हात चादरीबाहेर लोंबकळला तेव्हा शिंद्यांनी थांबून तो आत घेतला. हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

तुला पोचवून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी शिंद्यांकडे गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: मीठ, थर, वहिनी, चौथा दिवस.

ते टीव्हीकडे पाहत होते. टीव्ही बंद होता.

"मला कशापायी सांगता?" ते म्हणाले. "म्या टाकलं न्हाई हे मला पयल्या दिवसापासनं ठावं हाय की. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा."

शिंदेबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "चार वरसं?" त्यांनी विचारलं. "चार वरसं तुमी आमच्या दारावरनं पेपर हातात धरून जात हुता?" मी हो म्हटलं. त्यांनी हातातलं उलथनं माझ्या अंगावर फेकलं. ते खांद्याला लागलं. शिंदे त्यांना आवरायला उठले नाहीत. मीही तिथून हललो नाही.

म्हणून हा मजकूर. तो उद्या छापून येईल आणि परवा सकाळी आपल्या विंगच्या फलकावर लागेल. पण छापण्याआधी मी तो वहिनींना वाचून दाखवला. त्यांचं नाव त्यात आहे आणि तुझे पुतणे आहेत, त्यामुळे त्यांना नको असेल तर वेगळा मार्ग शोधावा लागला असता. त्या भिंतीला टेकून, पदर दातांत धरून ऐकत होत्या. मी थांबलो तेव्हा म्हणाल्या, "मूठ मूठ लिवलास. तसा नाय. दोन्ही हातांनी घालाची. ओंजल भरून."

मी दुरुस्ती करतो म्हटलं.

"आजून एक ऱ्हायला."

"काय?"

"बाटलीचा."

मला कळेना. त्या माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. "तो रडला त्या दिशी. मंग त्याना डोलं पुसलं न् माज्याकरं बघितलान. नुसता बघितलान. त्याला काय म्हाईत नव्हता, पन माला वाटला, आता समाजला. मंग मीच बोलली, शिंद्या अ‍ॅसिड घेवन गेला परवा. लिफ्टमदी बघितला होता, खरा होता. त्यापुढं मी काय बोलली नाय. बोलाचा कामच परला नाय. तो उठला न् गेला." त्यांनी पदर सोडला. "खालून आवाज आयकू आला माला. दोन येला. मी दार लावून घेतला."

मी चार वर्षं समजून चाललो होतो की ती बातमी तुला वॉचमनने दिली. मी कुणाला विचारलं नव्हतं.

"हे लिहायलाच हवं असं नाही," मी म्हणालो.

"कसा नाय? शिंद्याचा नाव लिवलास ना? मंग माजा पन लिव. सबंध लिव. घाबरली होती ते पन लिव, पन ते पयला नको लिवू. पयला लिव का मी नाव घेतला."

पुतणे काय करतील, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काय करनार? त्याच्यापरी कोन मारनार हाय आता?" आणि हे म्हणताना, दादा, त्यांना तुझी आठवण येऊन रडू आलं. तुझीच आठवण होती. त्यात राग नव्हता. माझ्याकडे या गोष्टीचं स्पष्टीकरण नाही.

परवा शिंदे आणि त्यांची बायको उत्तरकार्याला येणार आहेत. वहिनी काल स्वतः खाली जाऊन बोलावून आल्या. पान वाढण्याआधी, तुझा फोटो ठेवला असेल तिथं, पुतण्यांसमोर आणि सगळ्या विंगसमोर त्या उभ्या राहून सांगणार आहेत की त्यांनी काय घातलं आणि कुणाचं नाव घेतलं. त्यानंतर मी काय पाहिलं आणि काय सांगितलं नाही ते मी सांगणार आहे. तुझ्या घरात तुझ्याविरुद्ध कुणी मोठ्याने बोलण्याची ही पहिलीच वेळ असेल.

तुला राग येईल. तो आम्हा दोघांवर येऊ दे.